बाईंच्या घरची साक्ष अजून व्हायची आहे

"तोंड उघड."

बाईंनी म्हटलं आणि मी उघडलं. नऊ वर्षांची होते. चर्चच्या पुढच्या पायरीवर उभी, अंगात बाईंच्याच मुलीचा जुना फ्रॉक, समोर सगळी मंडळी. रविवारची सकाळ. बाईंनी मला हात लावला नाही. संडे स्कूलमध्ये नकाशा दाखवायची लाकडी छडी होती, तिचं टोक माझ्या हनुवटीखाली घालून त्यांनी तोंड वर केलं आणि आत वाकून पाहिलं. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं.

आत काय दिसणार होतं? खाल्लं शनिवारी संध्याकाळी, तोंड तपासलं रविवारी सकाळी. मधे मी झोपून उठले होते, चूळ भरली होती. पण बाईंना तोंडात काही शोधायचंच नव्हतं. मंडळीला दाखवायचं होतं.

"गिळलंस? प्रभूचं शरीर गिळलंस?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? गिळलं होतं. सात तुकडे.

माझी माय बाजूला उभी होती. चर्च झाडायचं काम तिचं, झाडू तिच्या हातातच राहिला होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, मारून झालं की गोष्ट संपते. तिने फक्त पदर डोक्यावरून पुढे ओढला. त्या दिवशी सगळे रांगेने प्रभुभोजनाला पुढे गेले, माय मागच्या दाराशी चपलांजवळ बसून राहिली. तिला कोणी बोलावलं नाही. मी तिच्याजवळ.

थांबा, आधी भाकरीचं सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही म्हातारी सात तुकड्यांसाठी एवढी काय पेटली.

प्रभुभोजन म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं सगळ्यात पवित्र जेवण. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. प्रभूने मरायच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांना दिलं, ते आम्ही अजून घेतो. आमच्या अमरावतीच्या मंडळीत ही भाकर बाजारातून यायची नाही. बाईंच्या घरी व्हायची. शनिवारी दुपारी मैद्याची जाड, बिनखमिराची भाकर तव्यावर भाजायची, गार झाली की तिच्या कडा काढायच्या, मग सुरीने नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे, पितळी ताटात लावायचे आणि वरून पांढरा विणलेला रुमाल. हा मान बाईंच्या घराचा. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते पीठ मळायचा अधिकार नव्हता.

बाई म्हणजे कोण, तर मंडळीतल्या वडिलांच्या पत्नी. आमच्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जाणत्या पुरुषांना वडील म्हणतात. बाईंचे आजेसासरे मोठे शास्त्री होते म्हणे, तीन पिढ्यांमागे ख्रिस्ती झाले. त्यांचा पगडीतला फोटो बैठकीत दारासमोरच होता. मंडळीचा कोणताही मोठा कार्यक्रम असो, आमच्या पूर्वजांनी केवढं कुळ सोडलं, केवढा त्याग केला, हे भाषण व्हायचंच. आणि आम्ही? माझा आजा वलगावकडचा. मांग. डफडं वाजवायचा. त्याचं नाव मायने कधी काढलं की बाई म्हणायच्या, आता ख्रिस्तात आलात ना, जात विसरा. आम्ही विसरायची. त्यांनी फोटो लावायचा.

तर तो शनिवार. माय बाईंच्या घरी भांडी घासायची, त्या दिवशी मी सोबत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कारण बाईंनी मायला बजावलं होतं, उद्या प्रभुभोजन आहे, आज उपास धरा, तुझ्या पोरीलाही कळू दे. मी मागच्या मोरीजवळ बसले होते. आत भाकर भाजत होती. काय सांगू तुम्हाला तो वास. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आणि दाराआड बाईंची दोन मुलं खिदळत काहीतरी खात होती. मला ऐकू येत होतं. काय खात होती ते दिसलं नाही. ते कळायला मला पुढे साठ वर्षं लागली.

संध्याकाळी ताट मायच्या हातात दिलं, चर्चमध्ये नेऊन ठेव म्हणून. मायने टेबलावर ठेवलं आणि ती झाडायला मागच्या बाकांकडे गेली. मी रुमालाचा कोपरा उचलला. एक खाल्ला. मग हात थांबेना. सातवा तोंडात असताना मायने हाक मारली. नाहीतर आठवाही खाल्ला असता, हे मी प्रभूसमोरही कबूल करते. रविवारी सकाळी बाईंनी रुमाल उचलला, ताटात रिकाम्या जागा दिसल्या, आणि आदल्या संध्याकाळी ताटाजवळ माय आणि मीच होतो.

हे माझं पाप. हे मी केलं. यात मला कोणाची वकिली नको.

आता याकूचं. याकू माझा लहाना भाऊ, चार वर्षांचा. माझ्याच कडेवर मोठा झाला. कुरमुरे दिले की आधी माझ्या तोंडात कोंबायचा, मग स्वतः खायचा. माझं तोंड तपासलं त्याला दोन महिने झाले असतील, वैशाखाचं ऊन, वस्तीतल्या विहिरीचं पाणी गढूळ, आणि याकूला वांती-हगवण लागली. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीत आणखी दोन लेकरं गेली, हे ध्यानात ठेवा. दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे डोळे खोल गेले होते. दुसऱ्या दिवशी संपला.

तिसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. आत आल्या नाहीत. दारात उभ्या राहून मायला म्हणाल्या, ते मला शब्दासकट पाठ आहे.

"अयोग्य रीतीने खाल्लं की घरात आजार येतो, मरण येतं. मी नाही, शास्त्र सांगतं. मुलीला तिचं पाप विसरू देऊ नकोस."

एवढं बोलून गेल्या. संध्याकाळी मायने मला विचारलं, "कितीक खाल्ले होते वो तू?"

"सात."

तिने मान हलवली. बस. त्यानंतर मायने मला कधी मारलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. जेवायला वाढायची, आजारी पडले तर काढा द्यायची, सगळं करायची. पण वेणी घालताना तिची बोटं माझ्या मानेला लागू नयेत अशी घालायची. ती मेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. तोपर्यंत तिच्या मनात एकच होतं, की या पोट्टीने माझा लेक खाल्ला. ती हे बोलली नाही. मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्यात मला पहिल्यांदा उभं केलं. त्या आठवड्यात बुधवारी तयारीची सभा असते आणि गुरुवारी वर्षातलं मोठं प्रभुभोजन. तयारीच्या सभेत लोक साक्ष देतात, म्हणजे आपलं पाप सांगायचं आणि प्रभूने कसं उचललं ते सांगायचं. बाईंनी माझ्याकडून आठ दिवस पाठ करून घेतलं होतं. मी पापी मुलगी, मी पवित्र मेजावरून चोरी केली, माझ्या पापाचं फळ माझ्या घराला मिळालं. दहा वर्षांची पोर हे म्हणत होती. बाया रडल्या. बाईंनी मान डोलावली.

मग दरवर्षी. मंडळीतल्या इतर लोकांच्या साक्षी येत-जात राहायच्या. दारू सुटल्याची, बायकोला मारणं सुटल्याची. दोन-तीन वर्षं सांगितली की त्या मुरायच्या, पुन्हा कोणी विचारायचं नाही. माझी मात्र कायम. आणि आता हसू येतं, पण मी साक्षीत तयार झाले बापा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जमायला लागलं. सात तुकड्यांचे मूठभर झाले, मूठभराचं अर्धं ताट झालं. बार्शीटाकळीच्या मेळाव्यात मला खास नेलं होतं, तिथल्या बाया माझे हात धरून रडल्या. माझ्याच भावाच्या मरणावर मी टाळ्या घेतल्या. हेही माझं पाप, ते मला कोणी आठवून दिलेलं नाही, माझं मीच धरून ठेवलंय.

लग्न होऊन अकोल्याला गेले. घरवाला गवंडी होता, भला माणूस. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले, तिथेच पस्तीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत, पण वसतिगृहातल्या मुली पुस्तकं टाकून द्यायच्या ती मी उचलून वाचायचे. शास्त्र तर कितीदा वाचलं. आणि दरवर्षी त्या बुधवारी बसने अमरावतीला यायचे, साक्ष द्यायला. घरवाला म्हणायचा, एक वर्ष नाही गेली तर काय होईल? मी त्याला सांगायची नाही. मला भीती वाटायची, नाही गेले तर माझी लेकरं मरतील. तीन लेकरं मला. एखाद्याचं अंग तापलं की मी आधी कपाळाला हात लावायच्या ऐवजी आठवायचे, साक्षीत काही राहून तर गेलं नाही. असं जगले मी. नव्वद टक्के बायांना हे कळणार नाही, पण ज्यांना कळेल त्यांना पुरतं कळेल.

मी एक गोष्ट खोटी नाही सांगणार. पाप आठवत राहिल्याने माझं वाईटच झालं असं नाही. वसतिगृहात मुली रात्रीच्या पोळ्या चोरायच्या. वॉर्डनबाई माझ्याकडे नाव मागायच्या. मी कधीच नाव दिलं नाही. उलट पोळ्यांचा डबा मुद्दाम खिडकीजवळ, झाकण अर्धं उघडं ठेवायचे. एक पोरगी एकदा हातात पोळी धरून माझ्यासमोर दगडासारखी उभी राहिली. मी म्हटलं, भाजी ने ना वो, कोरडी काहून खातं? ती पोरगी आज नर्स आहे, ईस्टरला फोन करते. ज्याला आपलं पाप आठवतं, त्याला दुसऱ्याचं तोंड उघडून पाहावंसं वाटत नाही. हे मी आजही मानते. मला पाप विसरायचं नव्हतं, आजही नाही. प्रभूसमोर मी कोण आहे ते मला त्यानेच कळतं.

मग मी पेटले कशावर? ते ऐका.

घरवाला गेल्यावर मी लेकाकडे अमरावतीला आले. बाई तोवर थकल्या, अकोल्याला मुलीकडे राहायला गेल्या. म्हणजे मी इकडे आणि त्या तिकडे, अशी अदलाबदल झाली. बाईंचा मुलगा आता मंडळीत वडील झालेला. आमच्याकडे एक तरुण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले, बुलढाण्याकडचे, त्यांनी सांगितलं की भाकर एकाच घरी कशाला, मंडळीतल्या सगळ्या बाया पाळीने करतील. वडीलसाहेबांचं तोंड पडलं, पण त्यांची बायको चांगली आहे. तिने आम्हा चौघींना शिकवायला राजापेठेतल्या आपल्या फ्लॅटवर बोलावलं.

भाकर झाली. तिने सुरीने कडा कापल्या. तेवढ्यात तिची नातवंडं आली, तिने त्या कडा त्यांच्या हातात दिल्या. वर ताटातले चार-पाच तुकडेही दिले.

मी म्हटलं, "अवो, प्रभूची भाकर ना ती."

ती हसली. म्हणाली, "मावशी, अजून प्रार्थना कुठे झालीय? पाळक मेजावर प्रार्थना करतात तेव्हा ती प्रभूची. तोवर नुसता मैदा. सासूबाई तर दर वेळी द्यायच्या. हे लहानपणी अर्धं ताट संपवायचे, मग पुन्हा भाजायला लागायची. तुम्ही पण घ्या ना."

तिने एक कड माझ्या हातावर ठेवली. तिला काही माहीत नव्हतं, तिचा दोष नाही. मी ती तोंडात टाकली. दाराआडचं खिदळणं मला ऐकू यायला लागलं.

तुम्ही समजून घ्या. मी शनिवारी खाल्ली. प्रार्थना रविवारी होणार होती. मी प्रभूचं शरीर खाल्लंच नव्हतं. मी मैदा खाल्ला होता, भुकेल्या पोटी, न विचारता. चोरी होती, ती मान्य. लेकराची चोरी. पण ज्या पापाने घरात मरण येतं म्हणतात, ते पाप मी केलंच नव्हतं. आणि बाईंना हे माहीत होतं. त्याच दुपारी, त्याच भाकरीचे तुकडे त्यांनी स्वतःच्या मुलांना हाताने भरवले होते. मग दुसऱ्या दिवशी माझ्या हनुवटीखाली छडी घातली. मग माझ्या दारात उभ्या राहून माझ्या मायला सांगितलं की याकू कशाने मेला.

शास्त्र मीही वाचलं होतं, मग मला का नाही कळलं? स्वतःला फार विचारलं. भीतीने वाचलेलं दिसत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

मी बस धरून अकोल्याला गेले. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, नव्वदी झालेली, पण डोकं साफ. मला लगेच ओळखलं. गुडघे कसे आहेत विचारलं. चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि ती भाकर, तो शनिवार, सगळं विचारलं.

बाई म्हणाल्या, "कोणती भाकर? अगं, किती जुनं. असलं उकरत बसू नये. प्रभू क्षमा करतो तेव्हा विसरतो, मग आपण का आठवायचं?"

"मग मले काहून आठवायले लावलं? साठ वर्षं?"

रागावून नाही, समजावून सांगतात तसं म्हणाल्या, "तुझ्या भल्यासाठी. तुमच्या लोकांना थोडा धाक लागतो."

तुमच्या लोकांना. तीन पिढ्या ख्रिस्तात काढून ही बाई मला म्हणत होती, तुमच्या लोकांना.

मी म्हटलं, "आणि याकू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आठवायचा खरंच प्रयत्न केला त्यांनी, ते मला दिसलं.

"कोण याकू?"

मी उठले. बसमध्ये खिडकीशी बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत रडले. मूर्तिजापूरनंतर नाही.

त्या बसमध्ये मला साफ दिसलं. त्यांच्या घरी आठवणी कमी नव्हत्या. शास्त्रीबुवांची पगडी आठवत होती, सोडलेलं कुळ आठवत होतं, माझे सात तुकडे तर वर्षानुवर्षं आठवत होते. फक्त स्वतःचं पाप तेवढं प्रभूने विसरून टाकलं होतं. आमच्यासाठी आठवण आणि त्यांच्यासाठी क्षमा. एकाच शास्त्रातून दोघांना दोन वाटे.

मागच्या वर्षीची तयारीची सभा. बुधवार, संध्याकाळचे सहा. मी पांढरं लुगडं नेसून दुसऱ्या बाकावर बसले. वडीलसाहेबांनी नेहमीसारखं जाहीर केलं, आता मावशी आपली साक्ष देतील. मी बसूनच म्हटलं, आज माझी साक्ष नाही. लोकांनी माना वळवल्या. बरं वाटत नसेल म्हणून सोडून दिलं.

मग तो प्रश्न आला. या सभेच्या शेवटी पाळक दरवर्षी विचारतात, कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आत्ता सांगावं. कारण नियम आहे की ज्याच्याविषयी भावा-बहिणीच्या मनात काही आहे, त्याने आधी जाऊन समेट करावा, मग मेजाजवळ यावं. विचारायचं म्हणून विचारतात. कोणी खोकतं, पंखा फिरतो, आणि गीत सुरू होतं. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला उत्तर आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी उठले.

"माझ्या मनात आहे. वडीलसाहेबांच्या घराविषयी."

वडीलसाहेब म्हणाले, "मावशी, बसा. हे आपण घरी बोलू."

"मले इथंच उभं केलं तुमी. इथंच बोलतो आपण."

आणि मी सांगितलं. भाकर कधी भाजली, कोणी खाल्ली, कोणाला भरवली, प्रार्थना कधी झाली. आवाज खाली आणला नाही, वर नेला नाही, कुठे थांबले नाही. साक्ष द्यायची सगळी कला घरी ठेवून आले होते. याकूचं सांगितलं. मायच्या बोटांचं सांगितलं. अकोल्याचं सांगितलं, शब्दासकट. वडीलसाहेबांची बायको खाली मान घालून बसली होती. मागून एक म्हातारी, वलगावचीच, मोठ्याने म्हणाली, म्हणजे यांचे पोट्टे खात होते अन् उपास आमच्या पोट्टीले? कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

वडीलसाहेब उभे राहिले. चेहरा लाल. म्हणाले, "आई नव्वद वर्षांची आहे. या वयात तिला हे ऐकवायचं?"

"मी नऊ वर्षांची होती."

मी पाळकांकडे वळले. म्हटलं, साहेब, नियम तुमीच वाचून दाखवला. मग सांगा, उद्या ताट कोण घेऊन फिरणार?

पाळक तरुण आहेत, घाम पुसत होते. पण माणूस खरा निघाला. म्हणाले, उद्या वडीलसाहेब ताट घेणार नाहीत.

गुरुवारी दुसऱ्याच एका वडिलांनी ताट फिरवलं. वडीलसाहेब बाकावर बसून राहिले. समेट झाला नाही म्हणून पुढे यायचं नाही. मी गेले पुढे. मुद्दाम त्यांच्या बाकाजवळून गेले, हळू चालले, गुडघे दुखत होते म्हणून नाही. भाकर घेतली, प्याला घेतला. परत येताना त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली. मला आनंद झाला. झाला तर झाला, लपवून काय करू? सूड म्हणतात याला, मला माहीत आहे.

मग सुरू झाले समजावणारे. मंडळीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, क्षमेवरची वचनं आली. गंमत बघा, इतकी वर्षं मी उभी राहून पाप सांगत होते तेव्हा क्षमेचं वचन कोणाला सुचलं नव्हतं. लेक म्हणाला, माय, जाऊ दे ना, लोक काय म्हणून राह्यले. वडीलसाहेबांनीही ग्रुपवर चार ओळी टाकल्या, काही गैरसमज झाला असेल तर दिलगीर आहोत. त्यात याकूचं नाव नव्हतं.

पाळक घरी आले. "आजी, क्षमा करा. तुमच्याच मनाला शांती मिळेल."

मी त्यांना चहा दिला. म्हटलं, साहेब, क्षमा करायला मी तयार होईनही, पण कशाची करू? त्यांले तर काहीच आठवत नाई. समोरचा म्हणतो मी काही केलंच नाही, अन् मी म्हणायचं जा, माफ केलं? हवेला माफ करू? तुमीच शिकवता, आधी पाप आठवा, मग कबूल करा, मग क्षमा. मी साठ वर्षं आठवलं. एकदा तरी त्या घराने आठवावं. पापाची आठवण जर इतकी चांगली, आत्म्याला धुणारी गोष्ट आहे, तर ती फक्त आमच्याच पोरींना का? त्यांच्या आत्म्यालाही धुतलं जाऊ द्या.

पाळकांनी चहा संपवला. जाताना एवढंच म्हणाले, यंदाही प्रश्न तर विचारावाच लागेल. मी म्हटलं, विचारा.

यंदाचा तो आठवडा आता जवळ आलाय. मला काय पाहिजे ते मी इथे लिहून देते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीला नेमकं काय हवं ते कळलंच नाही. त्या घरातल्या एकाने बुधवारी मंडळीपुढे उभं राहायचं. माझ्या मायचं नाव घ्यायचं. याकूचं नाव घ्यायचं. म्हणायचं, ते लेकरू आजाराने गेलं, त्यात या मुलीचा काही दोष नव्हता, आणि आमच्या आईला हे तेव्हाच ठाऊक होतं. पाठ करून म्हटलं तरी चालेल, मीही पाठ करूनच म्हणत होते. माय ऐकायला नाही. ते आता कोणी भरून देऊ शकत नाही, आणि म्हणूनच मी सोडणार नाही.

ते म्हणेपर्यंत दरवर्षी प्रश्न विचारला जाईल आणि दरवर्षी मी उभी राहीन. बाई गेल्या तर त्यांच्या मुलापुढे. तो गेला तर त्याच्या मुलांपुढे. मी गेले तर माझी मोठी मुलगी उभी राहील, तिला सगळं सांगून झालंय, ती हो म्हणाली आहे. त्या घराला ताट धरू देणार नाही.

आणि ज्या दिवशी ते म्हणतील, त्या दिवशी क्षमा करायची की नाही ते मी ठरवीन. पाळक नाही, मंडळी नाही. मी.